कंपाउंडर अप्पांचा संशय

अप्पा प्रार्थनेला डोळे मिटत नसत. चर्चमध्ये सगळी माणसं माना खाली घालून, डोळे गच्च मिटून बसलेली असायची आणि शेवटच्या बाकावर हे गृहस्थ ताठ बसून एकेकाच्या पाठीवरून नजर फिरवत असायचे. पास्टरांनी एकदा हटकलं, तर म्हणाले, "डोळे मिटा म्हणून पुस्तकात कुठं लिवलंय तेवढं दाखवा. मिटतो." पास्टरांना काही दाखवता आलं नाही. घरी येऊन अप्पांनी हे मला मोठ्या समाधानाने सांगितलं आणि वर सल्ला दिला, "डोळे मिटून गाणाऱ्याच्या भरवशावर चपला सोडू नयेत."

हे माझे घरमालक. हुमनाबादला माझी बदली झाली तेव्हा त्यांच्या घराच्या मागच्या दोन खोल्या मला मिळाल्या. मिशनच्या दवाखान्यात जन्मभर औषधं देऊन ते निवृत्त झाले होते, म्हणून गावात त्यांना कंपाउंडर अप्पा म्हणत. आमच्या भागात थोरल्या माणसाला अप्पा म्हणायचं, मग तो कुठल्या का देवाचा असेना.

मी औरादकडचा. घरची शेती, आणि देव्हाऱ्यात सगळे देव दाटीवाटीने. खोली मिळाली म्हणून आईला फोन केला, मालक ख्रिश्चन आहेत असं सांगितलं, तर म्हणाली, "त्यांच्या घरचं काई खाऊ नगंस. आन् पाणीबिणी शिंपडायला लागले तर तसाच बाहेर पड."

मला हसू आलं, पण थोडंच. मोबाइलवर त्या दिवसांत रोज कुठला ना कुठला व्हिडिओ येत होता, अमक्या गावात तमक्याला बाटवलं म्हणून. आणि मी काही फार मोठ्या मनाचा माणूस नाही. शेतकी खात्यात नोकरी. बियाण्याचं पोतं फोडून मूठभर दाणे तळहातावर घेतल्याशिवाय त्यावरच्या छापील मजकुरावर माझा विश्वास बसत नाही. तेव्हा मालकावर लक्ष ठेवायचं मी पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं. गंमत अशी, की लक्ष ठेवण्याच्या कामात मालक माझ्या फार पुढे होते.

दूधवाल्याला ते आधी त्याच्याच दुधाचा घोट घ्यायला लावत. ताप मोजला की तापमापी झटकून पुन्हा लावत. "पहिल्या बारीला तेबी अंदाजानंच सांगतंय" असं त्यांचं म्हणणं. शेजारचं कुणी डोकेदुखीची गोळी मागायला आलं तर पाकिटातून एकच गोळी कापून देत, आणि "गिळ माझ्यासमोर" म्हणून उभं राहत. घरी नेऊन ठेवतील, भलत्यालाच देतील, काय सांगावं! संन्यासी, राजकारणी, विमेवाले आणि लांबून धर्मप्रचाराला येणारे सुवार्तिक ह्या सगळ्यांना ते एकाच मापाने मोजत. उंबऱ्याबाहेर उभं करायचं, गाव विचारायचं, आणि मग त्या गावातल्या विहिरीबद्दल असा काही प्रश्न विचारायचा की खोटा माणूस तिथेच उघडा पडावा.

संध्याकाळी दिवे लागले की ते पुढच्या खोलीत मोठ्याने प्रार्थना करीत. भिंत एक विटेची. पहिल्या आठवड्यातच मला त्या प्रार्थनेत माझं नाव ऐकू आलं आणि हातातला चहा तसाच राहिला. पुन्हा कान दिला. दुसऱ्या दिवशीही नाव आलं, पण पुढचं काही नीट ऐकू येईना. अशा वेळी माणसाला बरं वाटावं म्हणतात. मला वाटलं, हे प्रकरण सुरू झालं वाटतं.

मी विचारलं, "अप्पा, माझ्यासाठी काय मागता हो?"

"ते मागणाऱ्याचं आन् देणाऱ्याचं हाय. तुमाला कामून चौकशी?"

"नाव माझं आहे ना!"

"तुमची बदली व्हावी म्हणून मागतो," ते म्हणाले. "भाडेकरू लई दिवस राहिला की घर त्याचं हुतंय."

ह्यावर मी विश्वास ठेवला नाही. मी ठेवणार नाही हे त्यांनाही ठाऊक होतं.

दिवाळीला मी गावाहून फराळ आणला आणि डबा त्यांच्यापुढे धरला. झाकण न उघडता ते म्हणाले, "देवापुढं ठेवलेलं हाय का आधी काढून घेतलेलं?" मला राग आला. म्हटलं, आमच्या देवापुढे ठेवल्याने चकली विटते का? "विटत न्हाई," ते म्हणाले. "पर मूर्तीपुढं ठेवलेलं खायचं न्हाई, असा आमचा नेम हाय. ठेवलेलं नसंल तर द्या, मला चकली आवडती." आईने देवापुढे ताट ठेवलं होतं, पण डबा मात्र आधीच भरला होता. मी तसं सांगितलं. त्यांनी माझ्या तोंडाकडे बराच वेळ बघितलं, खरं बोलतोय अशी खात्री करून घेतली, आणि मग उभ्याउभ्याच पाच-सहा चकल्या खाल्ल्या. तेवढ्यात आतून अक्का आल्या. "अय्यो, मला देवापुढचंच पायजे हुतं की," असं म्हणून त्यांनी उरलेला डबा उचलून नेला.

अक्का म्हणजे अप्पांच्या पत्नी. आणि ह्या घराची खरी गंमत म्हणजे अक्का ख्रिश्चन नव्हत्या. माहेर दुबलगुंडीचं, पूर्वी मेंढरं राखणारं घर, आता शेती. आईला दवाखान्यात घेऊन आल्या होत्या. तिथे औषधाच्या खिडकीत ह्या तरुण कंपाउंडरने बाटलीवर बोट ठेवून डोस समजावून सांगितला, तोही दोनदा, कारण पहिल्यांदा सांगितलेलं हिला कळलं असेल ह्यावर त्यांचा विश्वास नव्हता. लग्न कचेरीत झालं. दोन्हीकडच्या लोकांनी तोंडं फिरवली. मूलबाळ झालं नाही. स्वयंपाकघरातल्या कोनाड्यात मैलार मल्लण्णाचा टाक, त्यावर भंडाऱ्याची पिवळी पूड. पुढच्या खोलीत क्रूस. मधल्या दाराला पडदासुद्धा नव्हता.

मल्लण्णाचा वार रविवार आणि चर्चचाही रविवार. सकाळी अप्पा आंघोळ करून, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आधी बाजारात जात आणि अक्कांच्या देवासाठी झेंडूची फुलं आणत. "ही गेली की तो फुलवाला कालची फुलं गळ्यात मारतोय. मला पारख हाय." एका काखेत बायबल, दुसऱ्या हातात मल्लण्णाची फुलं, अशा थाटात चर्चच्या कारभारी मंडळातले हे पंच रस्त्याने येताना मी कितीतरी वेळा पाहिले. फुलं ओट्यावर ठेवायची, कोनाड्याकडे न बघता वळायचं आणि उपासनेला जायचं. पूजा संपेपर्यंत ते स्वयंपाकघरात पाऊल टाकत नसत.

हे सगळं मला गोड वाटलं असं नाही. मला ते न उलगडणारं वाटलं, आणि न उलगडणाऱ्या गोष्टीचा मला राग येतो. एके दिवशी ओट्यावर बसून ते तुरीच्या शेंगा सोलत होते, तेव्हा मी सरळच विचारलं, "अप्पा, खरं सांगा. तुमच्या मते आम्ही सगळे नरकात जाणार का?"

दुसरा कुणी असता तर हसला असता, 'शेवटी देव एकच हो' म्हणाला असता. मला तेच वाक्य हवं होतं, म्हणजे तिथेच त्यांना पकडता आलं असतं. अप्पा सोलता सोलता म्हणाले, "येशूबिगर तारण न्हाई. तसं लिवलंय. मी वाचून दाखवणार. खोडायचा अधिकार मला न्हाई."

"म्हणजे मी गेलोच!"

"तुमचं मला काय ठाऊक? निवाडा करणारा मी न्हवं. विचारलाव म्हणून सांगितलं. गोडच बोलावं असं म्हणणं असंल तर दुसरीकडं खोली बघा."

"आणि अक्का?"

शेंग त्यांच्या हातातच राहिली. आत अक्का भाकरी थापत होत्या, तो आवाज येत होता. अप्पांनी शेंगांचं सूप उचललं आणि आत निघून गेले.

माझा संशय ह्यानंतर वाढला. जो माणूस हे तोंडदेखलं मानतो त्याची मला भीती नव्हती. पण हा तर खरंच मानत होता. खरंच मानणारा माणूस बायकोला तशीच कशी सोडून देईल? बुडणाऱ्याचा हात धरायला कुणी परवानगी मागत बसत नाही. हा म्हातारा एक दिवस काहीतरी करणार, असं माझ्या मनाने घेतलं.

आणि दुसरीकडे जे डोळ्यांनी दिसत होतं ते अगदी उलटं होतं. त्यांचे गुडघे धरले होते, म्हणून एका रविवारी मी त्यांना मोटारसायकलवर चर्चला सोडलं आणि बाहेर व्हरांड्यात थांबलो. उपासनेनंतर पंचांपुढे एक माणूस आला होता. त्याला बाप्तिस्मा घ्यायचा होता. ज्याला घ्यायचा त्याला आधी पंच प्रश्न विचारतात, अशी तिथली रीत. माणूस चांगला इस्त्रीच्या कपड्यातला. म्हणाला, आमच्या देवांनी माझं काहीच भलं केलं नाही, दगड ते शेवटी दगडच. पास्टरांनी मान हलवली.

अप्पांनी विचारलं, "किती वरसं पूजा केलास त्या दगडाची?"

"जन्मभर केली."

"जन्मभर हात जोडलास त्याला आज दगड म्हणायलास. उद्या आमच्या प्रभूनं तुझं ऐकलं न्हाई तर त्याला काय म्हणशील?"

माणूस पास्टरांकडे बघायला लागला.

"कामून पायजे बाप्तिस्मा?"

"मनाला शांती पाहिजे, अप्पा."

"शांती पायजे तर झोपेची गोळी देतो."

"अप्पा!" पास्टर कळवळून म्हणाले. पण अप्पांनी त्या माणसाला वर्षभर मागच्या बाकावर बसून नुसतं ऐकायला सांगितलं आणि प्रकरण मिटवलं. तो पुन्हा आलाच नाही. पायऱ्या उतरताना पास्टर मला म्हणाले, "बाहेर लोक म्हणतात आम्ही माणसं ओढतो. आणि आत हे बसलेत, आलेल्याला दारातून परत लावणारे." मी हे सगळं आईला सांगितलं. ती म्हणाली, "तोच त्यांचा डाव असंल."

हे पास्टर तरुण होते, बिदरकडून नवे आलेले, बोलायला मऊ. अक्कांच्या पोटात गाठ निघाली आणि कलबुर्गीच्या डॉक्टरांनी घरी घेऊन जा म्हणून सांगितलं, तेव्हा ते भेटायला आले. ओट्यावर बसून अप्पांना धीर देऊ लागले. म्हणाले, ह्याबाबत आमच्यातही सगळ्यांचं एक मत नाही. ज्याला ख्रिस्त कळला नाही पण जो चांगल्या मनाने चालला, त्यालाही शेवटी ख्रिस्तच तारतो, असं मानणारे पुष्कळ जाणते लोक आहेत. देवाची दया आपल्या मापाएवढी नसते. "तुम्ही अक्कांची काळजी करू नका, अप्पा."

अप्पांनी त्यांना पाणी विचारलं, चहा विचारला, आणि मग म्हणाले, "दवाखान्यात आमी पोरांना लाल गोड मिक्चर द्यायचो. त्यात रंग जास्त, औषध कमी. पोरगं रडायचं थांबायचं, आई खूश व्हायची. मी दिलंय ते कैक वरसं. मला त्याची चव ठाऊक हाय, पास्टर."

पास्टर गेल्यावर ते कितीतरी वेळ तिथेच बसून होते. मला वाटतं, त्यांना ते खरं असायला हवं होतं. आणि हवं होतं म्हणूनच त्याच्यावर त्यांचा विश्वास बसत नव्हता. मी त्यांच्या शेजारी जाऊन बसलो असतो तर बरं झालं असतं, पण त्याच आठवड्यात अक्कांचा भाऊ आला होता आणि माझ्याकडे वेगळंच काम सोपवून गेला होता.

भाऊ दुबलगुंडीहून आला तो कित्येक वर्षांनी. बहिणीपाशी घटकाभर बसला, रडला. पण घरात पाण्याचा थेंब घेतला नाही. जाताना माझ्या खोलीच्या पायरीवर टेकला. "साहेब, तुमी आपल्यातलं माणूस म्हणून सांगतो," तो म्हणाला. "अक्का आता शुद्धीत असती-नसती. दाजी डोक्यावर पाणी घालून मोकळे हुतील. तेवढं केलं की ती त्यांची झाली, मग मातीबी त्यांच्यातच. आमच्या आईला काय तोंड दाखवू? तुमी जरा लक्ष ठेवा."

मी ठेवतो म्हणालो. मला ते अवघड नव्हतं. मी तसाही ठेवतच होतो. अडीअडचणीच्या वेळी पास्टर नसला तर कुठलाही श्रद्धावान ख्रिश्चन बाप्तिस्मा देऊ शकतो, हे मी तोवर इकडून तिकडून काढून ठेवलं होतं. म्हणजे दार बंद व्हायचा अवकाश.

ते दार एका दुपारी बंद झालं. मी जेवायला घरी आलो होतो. वीज गेलेली. अप्पा मोरीतून पितळेचं वाडगं दोन्ही हातांत धरून येताना दिसले. पाणी सांडू नये म्हणून त्यांची चाल हळू. मला बघून ते दचकले, आणि अक्कांच्या खोलीत शिरून त्यांनी आतून कडी लावली. त्या घरात दिवसा कुठलंच दार कधी लागत नसे.

मी ताटावरून उठलो. परसातून वळसा घालून मागच्या खिडकीशी गेलो आणि सरळ आत बघितलं. लपलोबिपलो नाही. दुबलगुंडीच्या माणसाला शब्द दिला होता, आणि आत ओरडून थांबवायची माझी तयारी होती.

अप्पा खाटेशी उभे होते. वाडगं डाव्या हातात, उजव्या हाताची बोटं पाण्यात. अक्का जाग्या होत्या आणि त्यांच्याकडेच बघत होत्या.

"काय करायलाव?" अक्कांनी विचारलं.

"काई न्हाई."

"डोक्यावर पाणी घालायलाव का?"

अप्पांची बोटं पाण्यातच.

"घाला की," अक्का म्हणाल्या. "मला काय हुतंय त्यानं? तुमच्या जिवाला बरं वाटंल."

कुणाला थांबवायचं आता? ज्या बाईच्या वतीने मी पहारा करत होतो तीच हो म्हणत होती. आता घालतील, मला वाटलं. कोणीही घातलं असतं.

"माझं सोड," अप्पा म्हणाले. "तुला पायजे का?"

"तुमाला पायजे न्हवं?"

"मी तुला इचारलं. तुला पायजे का? आन् कामून पायजे?"

पंचांपुढे आलेल्या माणसाला विचारायचे तोच प्रश्न, त्याच आवाजात. फक्त आवाज शेवटी फाटला. अक्कांनी खरोखर विचार केला. खोटं बोलायची सवय त्यांनाही नव्हती.

"मला काय पायजे..." त्या म्हणाल्या. "मला ह्या कुशीवरून त्या कुशीवर करा बगू. लई दुखायलंय."

अप्पांनी वाडगं खाली ठेवलं. ओली बोटं शर्टाला पुसली. एक हात मानेखाली, एक कमरेखाली घालून त्यांनी अक्कांना हळूहळू वळवलं, पाठीशी उशी सारली, पदर नीट केला. मग वाडगं उचलून ते पाणी उभ्याउभ्या पिऊन टाकलं. आयुष्यभर त्यांनी पुष्कळांना दारातून परत लावलं होतं. त्या दुपारी बायकोलाही लावलं. मी खिडकीतून बाजूला झालो. ताटातली भाजी गार झाली होती.

त्यानंतर चारपाच दिवसांनी, सकाळी, अक्का गेल्या.

अंगणात एका बाजूला पास्टर आणि चर्चची माणसं, दुसऱ्या बाजूला दुबलगुंडीची माणसं टेम्पो घेऊन. मधे आमचा लिंबाचा पार आणि त्यावर अप्पा. दार बंद झाल्याची बातमी कशी कोण जाणे गावात पोचली होती. मी कुणाला बोललो नव्हतो. पास्टर पुढे आले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "अप्पा, लोक म्हणतात तुम्ही घरीच बाप्तिस्मा दिला. अशा वेळी दिलेला आम्ही मानतो. तारणाचं देवावर सोपवू, पण दफनभूमीला नियम आहेत. तुम्ही हो म्हणा, म्हणजे तुमच्या आईच्या शेजारची जागा आजच खणायला सांगतो. पुढे तुमचीही तिथेच आहे."

भावाने माझ्याकडे बघितलं. मी काय बघितलं ते मला ठाऊक होतं, आणि अप्पा आता काय म्हणतील तेही मला ठाऊक होतं. हो म्हणतील. एका शब्दाचं काम. बायको जवळ राहते, मंडळी मानतात, आणि ज्या गोष्टीने जन्मभर झोप उडवली तिचाही निकाल लागतो. मी बोलायची तयारी करून पाय रोवून उभा राहिलो.

"न्हाई दिला," अप्पा म्हणाले.

"अप्पा, नीट आठवा."

"वाडगं हातात घेतलं हुतं. दिला न्हाई."

पास्टर खरंच चांगला माणूस. त्यांनी अजून एक दार उघडून बघितलं. "वधस्तंभावर प्रभूच्या शेजारी जो चोर होता, त्याला कुठं कुणी पाणी दिलं होतं? तरी प्रभू म्हणाला, तू आज माझ्याबरोबर असशील."

"त्या चोरानं मागितलं हुतं," अप्पा म्हणाले. "हिनं कूस बदलून मागितली."

मग ते भावाकडे वळले. "घेऊन जा. तुझी हाय."

चर्चच्या माणसांपैकी कुणीतरी 'काय हा दगड' असं पुटपुटलं. मला त्याची मान धरावीशी वाटली. अप्पा टेम्पोत चढले आणि अक्कांच्या पायांशी बसून दुबलगुंडीला गेले. तिथे त्यांच्या रिवाजाप्रमाणे घरच्या रानात माती झाली. भंडारा उधळला तो अप्पांच्या पांढऱ्या शर्टावर पडला, आणि त्यांनी तो झटकला नाही.

दहाव्याला मी त्यांना मोटारसायकलवर पुन्हा दुबलगुंडीला नेलं. विधी झाले, पंगत उठली. अप्पा नैवेद्याचं जेवले नाहीत, आणि त्यांना कुणी आग्रहही केला नाही. मग ते भावाला म्हणाले, "जरा रानात चल."

आम्ही तिघे गेलो. गुडघ्याएवढी तूर, बांधाशी ताजी माती. अप्पा म्हणाले, "मला हितं जागा पायजे. हिच्या शेजारी. मी मेल्यावर."

भावाचा चेहरा आवळला. "दाजी, आज जागा मागायलाव. उद्या त्याच्यावर क्रूस उभा करताल. परवा तुमची माणसं गाणी म्हणत येतील. मग आमी काय करायचं?"

"क्रूस नको. दगडबी नको. वरून नांगर फिरवलास तरी चालंल."

"मग कामून पायजे? तिकडं तुमची जागा हाय की, आईजवळ."

अप्पा मातीच्या ढिगाकडे बघत बोलले. "आमच्यात असं हाय, की एक दिवस मेलेले सगळे उठणार. आमचेबी, तुमचेबी. निवाडा त्याच्या नंतर. माझी आई तिकडं चार वळखीच्या माणसांत उठंल, तिला सगळं ठाऊक हाय. ही हितं उठंल. एकटी. हे काय चाललंय, कुठं जायचंय, तिला काई कळायचं न्हाई. लग्नाच्या वक्ताला मी शब्द दिला हुता, तुला आमचा धरम सांगणार न्हाई म्हणून. कवाच सांगितलं न्हाई. ती घाबरंल रे. तवा मी तिच्याजवळ असाया पायजे."

भावाने ढिगावरचं एक ढेकूळ उचलून बाजूला टाकलं. मग त्याने विचारलं, आणि भांडायला म्हणून नाही, खरंच जाणून घ्यायला विचारलं, "आन् आमच्या मल्लण्णानं तिला आधीच नेली असंल तर?"

मी अप्पांकडे बघितलं. आता वचन येईल, मला वाटलं. एक अक्षर न खोडणारा माणूस तो. अप्पांचे डोळे भरून आले होते आणि ते त्यांनी मिटले नाहीत.

"तर मी एकटाच उठंन," ते म्हणाले. "तवा तिनं यावं मला न्यायला. न्हाई तर कुणाला तरी धाडावं. मला तिकडची वाट ठाऊक न्हाई."

भावाने माझ्याकडे बघितलं. ह्यात काही डाव आहे का, असं तो मला विचारत होता. मीही तोच शोधत होतो. सापडला नाही.

तो ढिगाच्या पलीकडच्या अंगाला गेला, पायाने माती दाबून बघितली, दोन पावलं सरकला, पुन्हा दाबून बघितली.

"दाजी, ह्या अंगाला या," तो म्हणाला. "तिकडं पाणी साचतंय."